खंडेनवमीचं शटर

खंडेनवमीला दुपारपर्यंत नीट चालणारं गॅरेजचं शटर संध्याकाळी बिघडलं, आणि आळ आला तो लक्ष्मणरावांच्या माथी. माथी म्हणजे अगदी माथ्यातच. शटर बिघडायला मोटर असते, स्प्रिंग असते, वायरी असतात. पण त्यांच्या मुलाला, हिमांशूला, बापाच्या मेंदूपलीकडं दुसरं काही दिसेना.

रिमोट दाबला की शटर वीतभर खाली यायचं, थबकायचं आणि गुमान वर जायचं. हिमांशूनं स्वतः दाबून पाहिलं, तेच. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही रिमोटची दोन्ही बटणं धरून ठेवली असणार. सगळं सेटिंग उडालंय."

"मी कशाला धरू?"

"धरली असतील आणि आता आठवत नसेल."

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं, की लक्ष्मणरावांनी बायकोकडं पाहिलं. अनसूयाबाई दारातच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच लक्ष्मणरावांना जास्त लागलं. बायको गप्प राहिली म्हणजे तिलाही तसंच वाटतंय, हे एवढ्या संसारात कळतंच की.

त्याचं असं झालं होतं, की मागं पाडव्याच्या सुमारास लक्ष्मणराव गाडी घेऊन पैठण गेटच्या बाजारात गेले आणि रिक्षानं घरी आले. गाडी तिथंच. घरी येऊन निवांत चहा प्यायले, पेपर वाचला, आणि मग गाडी कुठं गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. होतं हो एखाद्या वेळी! पण पुण्यात बसलेल्या पोरानं ते मनात धरून ठेवलं. सणाला आला तो तिथल्या स्मृतीच्या डॉक्टरची वेळ घेऊनच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, गाडी चालवणं आतापासून बंद, आणि डॉक्टरनं मान हलवली की इथलं घर आवरून दोघांनी पुण्याला यायचं. त्याच्या लेखी सगळं ठरलेलंच होतं.

लक्ष्मणरावांची हयात पाटबंधारे खात्यात गेलेली, हुज्जत घालण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. हुज्जत त्यांनी घातलीही. पण आत पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. धरली असतील का बटणं? धरली असती तर आठवलं असतं. आणि आठवणंच बंद झालं असेल, तर ते तरी कसं कळणार? या विचाराला शेंडा ना बुडखा. त्यांना भीती वाटत होती. उगाच शब्द सजवायचे कशाला, निव्वळ भीती.

दसऱ्याच्या सकाळी हिमांशू अंघोळीला गेला तसा त्यांनी शटरवाल्या कडुबाला फोन लावला.

"साहेब, मी तर देवगावला आलोय, सणाला," कडुबा म्हणाला. "पौर्णिमा झाल्याबिगर येनं व्हत नाय बघा. लई पाव्हणं हायेत घरी."

आता आली का पंचाईत! लक्ष्मणरावांनी लेंगा वर खोचला आणि स्वतःच गॅरेजात शिरले. आधी रिमोटचा सेल बदलला. काही फरक नाही. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत खडा-बिडा अडकलाय का पाहिलं. पूजेतली एक अगरबत्तीची काडी निघाली, पण काडीनं शटर अडत नसतं. पट्ट्या फडक्यानं पुसल्या, तेल सोडलं. मोटर सोडवून साखळीनं शटर खालीवर करून पाहिलं, तर लोण्यासारखं चाललं. म्हणजे शटरचा दोष नव्हता. मोटर पुन्हा जोडून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, तर शटर पुन्हा वर. आता मात्र ते चिडले आणि बोट बटणावर तसंच रेटून धरलं. शटर सरळ जमिनीपर्यंत आलं.

ते चमकले. वर घेऊन पुन्हा तसंच केलं. बोट दाबून धरलं की खाली, मध्येच उचललं की माघारी. म्हणजे मोटरही ठणठणीत. खाली कुणीतरी उभं आहे, असं तिला उगाचच वाटत होतं. मग त्यांना शटर बसवलं तेव्हाचं आठवलं. तळाशी दोन्ही बाजूंना एकेक डोळा बसवलेला, ते दोघं एकमेकांकडं बघत असतात. मध्ये मांजर आलं, पोर आलं, की शटर खाली यायचं नाही.

ते खाली बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडं लक्ष दिलं नाही. एका डोळ्याचा दिवा छान लागला होता. दुसऱ्याच्या काचेवर, अगदी बुबुळावर म्हणावं तिथं, हळद आणि वर कुंकवाचं ठसठशीत बोट! दोन अक्षतासुद्धा चिकटलेल्या.

लक्ष्मणरावांना खो-खो हसू आलं, आणि लगेच विरलं. खंडेनवमीची पूजा कुणी केली? त्यांनीच. गाडी, हत्यारांची पेटी, अनसूयाबाईंचं शिलाई मशीन, इन्व्हर्टर, सगळं डोळ्यांपुढं होतं. फक्त हेच नव्हतं. कितीही आठवलं तरी हा डोळा काही आठवेना.

फडकं हातातच होतं. एकदा फिरवलं असतं तर मिटलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी हात पुढं नेला आणि मागं घेतला. मग दोघांना हाका मारल्या.

"शटर यानं अडलंय," ते म्हणाले. "पूजा मी केली. पण इथं कुंकू लावल्याचं मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू, काहीच आठवत नाही."

हिमांशू टॉवेल खांद्यावर तसाच टाकून वाकला.

"बाबा, हे मी लावलंय."

"तू?"

"तुम्ही नैवेद्याला आत गेलात ना, तेव्हा. म्हटलं, सगळ्यांना लावलं, शटरलाच नाही. ते वर गुंडाळलेलं, म्हणून इथं टेकवलं. लहानपणी तुम्हीच सांगायचात, आजच्या दिवशी कुठलं यंत्र उपाशी ठेवायचं नाही." तो अडखळला. "माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

लक्ष्मणराव भिंतीला धरून उठले.

"कुंकू लावायला वाकलास ना रे? मग बिघडल्यावर परत एकदा वाकायचं होतंस. शटर तपासलं नाहीस, मला तपासायला निघालास."

हिमांशूनं मान खाली घातली. "डॉक्टरांना नको म्हणून कळवतो."

"कळवू नको. उद्या येतो मी."

"अहो, आता कशाला?" अनसूयाबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही. कालपासून मलाच माझा भरवसा वाटेना झालाय. ती भीती यानं घातली, की खरीच आहे, ते मला कळायला नको? पण नगरपर्यंत गाडी मी चालवणार. पुढं तू घे."

हिमांशूनं फडकं ओलं केलं आणि तो डोळा पुसायला बसला. कुंकू गेलं, हळद गेली, काच लख्ख झाली, तरी तो पुसतच राहिला. शेवटी अनसूयाबाईंनीच त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.