आवडाबाईची भवानी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाईला निराधार योजनेचं अनुदान मिळत होतं, आणि नेमक्या त्याच शब्दावर तिचा राग होता. नवरा दामाजी गेला, खाडीतलं मावरं आटलं, गुडघ्यांनीही दगा दिला, हे सगळं तिने सोसलं. पण दरवर्षी कचेरीत जाऊन आपण अजून जिवंत आहोत आणि अजून निराधारच आहोत हे पटवून देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून वागळे इस्टेटमध्ये अनुदानवाल्या बायकांसाठी कॉल सेंटरचं फुकट ट्रेनिंग निघालं, तशी ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. पास झाली तर नोकरी, नापास झाली तर पुन्हा कचेरी.

परीक्षा तशी सोपी होती. शिकवणारा केदार शेजारच्या खोलीतून चिडक्या गिऱ्हाइकाचा आव आणून फोन करणार, मागवलेलं पाणी शुद्ध करायचं मशीन नको म्हणणार. बाईने गोड आवाजात क्षमा मागून ऑर्डर रद्द करायची.

नेमका सकाळचा पहिलाच फोन तिला आला. म्हणजे भवानीचं गिऱ्हाईक! तीस वर्षं मासळीबाजारात बसलेली बाई दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देईल होय?

"नको मला ते मशीन!" केदार ओरडला.

"आरं बाला, भवानीच्या टायमाला नको म्हनू नये. घरान मानसं किती?"

"चार... पण मॅडम—"

"आनि चौघांना नळाचं पानी पाजतोस? वर एक फिल्टर फुकट देते. चल, पत्ता सांग."

पाच मिनिटांनी केदार घाम पुसत बाहेर आला. त्याने टिटवाळ्याच्या आपल्या घरचा खराखुरा पत्ता देऊन टाकला होता. नियमाने आवडाबाई साफ नापास. पण निकाल द्यायला बसलेल्या आसावरी मॅडमना हसू आवरेना. "हिला रद्द करायच्या कामावर बसवू नका," त्या म्हणाल्या, "विक्रीला घ्या."

नेमणुकीचं पत्र घेऊन आवडाबाई तडक कचेरीत. "यादीतून माझा नाव काड."

कारकून चक्रावला. त्याने तसल्या अर्जासाठी अख्खं कपाट धुंडाळलं. "मावशी, नाव कमी करायला मृत्यूचा दाखला लागतो."

"मी तं जिती हाय! दर सालाला तुलाच दाखवाला येते ना?"

"अहो, पण स्वतःहून नाव कमी करायला आजवर कोणी आलंच नाही. तुम्ही पहिल्याच."

आवडाबाईने पदर खोचला आणि समोरच्या खुर्चीत बैठक मारली. "पहिलीच? म्हंजे मी तुझी भवानी. मना रिकाम्या हातानं धाडू नको."

कारकून ठाण्याचाच होता. त्याने मुकाट्याने पेन उघडलं.