गप्प पेशी

दिवस नववा.

"बुखार उतरला, हिमानी!" प्रयोगशाळेच्या खिडकीशी देवदत्त गुरुजी. "सकाळी सत्त्याण्णव. आता वाचते ती."

हिमानीनं आकड्यांची वही पुढे ओढली. 

दिवस पहिला. ब्रह्मा घाटावर आकाशदिवा लावताना गुरुजींच्या पत्नीचं, लतिकाबाईंचं, पातळ पेटलं. बेचाळीस टक्के भाजल्या. हिमानीनं त्यांच्या रक्ताच्या नमुन्यात जंतूंच्या विषाचा थेंब टाकला. पांढऱ्या पेशी चवताळल्या. त्यांनी सोडलेल्या द्रव्याचा आकडा यंत्राच्या मोजणीपलीकडे.

दिवस तिसरा. तेच.

दिवस सहावा. निम्मा.

परत दिवस नववा. तेच विष, तेवढाच थेंब. पेशी हलल्या नाहीत. अकरा वर्षांत हिमानीनं असे पुष्कळ नमुने पाहिले होते. तिनं आकडा लिहिला, हातमोजे बदलले.

"गुरुजी, ताप नाही, कारण शरीर लढायचंच थांबलंय. जंतू शिरला तर अडवायला कोणी नाही."

"शिरेल कसा? मी रोज पट्टीवर गंगाजल शिंपडतो ना. नर्सबाईंची पाठ फिरली की. दोनच बूंद."

हिमानीनं वॉर्डात फोन लावला. पट्टी बदला, आत्ताच.

"नावेतून जाऊन मधल्या धारेतलं आणतो," गुरुजी म्हणाले. "घाटाकाठचं नाही काही."

"आता शिंपडू नका."

"रागावलीस?"

"नाही."

दिवस दहावा. रक्तात जंतू.

दिवस अकरावा. नमुना नाही.

त्यानंतरचा एक दिवस. गुरुजींचं डोकं भादरलेलं.

"माझ्यामुळे गेली का गं?"

"माहीत नाही, गुरुजी." खरंच माहीत नव्हतं.

"नाही म्हणाली असतीस तर मानलं नसतं मी." मग त्यांनी विचारलं, "तिचं रक्त आहे इथं अजून? उद्या अस्थी सोडतोय. सगळं एकत्र गेलेलं बरं."

तिनं फ्रीझरमधून नळी आणून त्यांना दिली. करंगळीएवढी.

"यात काय शोधता तुम्ही लोक?"

"पेशी का थांबतात ते."

"दुसऱ्यांच्याही थांबतात?"

"बऱ्याच जणांच्या."

गुरुजींनी उपरण्याच्या टोकानं नळीवरचं हिम पुसलं. नाव नव्हतं, क्रमांक होता. तो त्यांनी मोठ्यानं वाचला, एकेक अंक सुटा करून, विद्यार्थ्यांना संथा देताना वाचत तसा. मग दोन्ही हातांनी नळी परत तिच्यापुढे धरली आणि ती घेईपर्यंत तसेच उभे राहिले.