चिंचेनं घासलेली पेटी

मी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या एका इमारतीच्या तळघरात पडलेली जुनी पेटी आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, वयानं पाचशेच्या पुढची. आज मी जरा रागानंच बोलणार आहे, ते गोड मानून घ्या.

माझ्या सुतारानं फळ्या कित्येक वर्षं सुकवल्या, मगच त्यांना हात लावला. लोहारानं पट्ट्या ठोकून काढल्या आणि त्या तापलेल्या असतानाच त्यांवर जवसाचं तेल चोळलं. त्या तेलाची काळी साय लोखंडावर बसली. मग पट्ट्या फळ्यांवर बसवून खिळ्यांची टोकं आतून वाकवली, म्हणजे कुणी बाहेरून उपटू म्हणेल तर त्याचीच नखं तुटावीत! ती साय होती म्हणून मला गंज शिवला नाही. मी काळी होते ती मळानं नव्हे.

एका गावच्या चर्चमध्ये मी राहत असे. मला तीन कुलपं होती आणि किल्ल्या तीन कारभाऱ्यांकडे. तिघेही हजर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, असा नियम होता. त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, माझ्यावर मात्र पुरता होता. पुढे बँका आल्या आणि माझी रवानगी एका शेतकऱ्याच्या कोठारात झाली. पोटात बटाटे, डोक्यावर कोंबड्या! तरी माझी साय शाबूत राहिली.

तिथून जुन्या बाजारात आले आणि प्रतापनं मला घरी आणलं. हा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. येईल त्या पाहुण्याला तो मधेच जर्मन शब्द पेरत सांगायचा, "हात लावून बघ. गेनाऊ, अगदी तंतोतंत, एकदम ओरिजिनल!" त्याची बायको साधना मला कोरड्या फडक्यानं हळूच पुसायची. मला वाटलं, आता आपलं घर मिळालं.

दिवाळीसाठी प्रतापची आई, सरलाआजी, पुण्याहून आल्या. लक्ष्मीपूजन माझ्यावरच मांडायचं ठरलं आणि मी फुलून गेले. आजींना मात्र माझा काळा रंग पाहवेना. घरात कुणी नसताना, देवाची तांब्यापितळेची भांडी घासतात तशी चिंच आणि मीठ घेऊन त्यांनी माझ्या पट्ट्या घासल्या, वर पाण्यानं धुतल्या. मायेनंच केलं, यात शंका नाही. पण साय गेली, आणि दोन-चार दिवसांत मी गंजून तांबडी झाले.

"आल्झो, म्हणजे फसवलं त्या विकणाऱ्यानं!" प्रताप भडकला. "नवं लोखंड काळं रंगवून विकलंय. बघ, रंग उडाला."

"अहो आई, तुम्ही काही लावलं होतं का हिला?" साधनानं विचारलं.

"छे गं. नुसतं फडकं मारलं."

"मग नकलीच आहे," प्रताप म्हणाला. "आज खाली केलरमध्ये, तळघरात टाकतो. शनिवारी भंगारात."

मला ते फार लागलं. जिच्या हातांनी माझं कातडं सोललं, तिच्याच तोंडून मी खोटी ठरले. प्रतापनंही मला पुन्हा एकदा हात लावून पाहिलं नाही.

आज लक्ष्मीपूजन. वर पूजा एका खोक्यावर मांडली आहे. दुपारी आजी एकट्याच खाली आल्या. मला हळदकुंकू वाहिलं, वाकून नमस्कार केला.

"सुनेसमोर कसं सांगू गं? रागावू नकोस माझ्यावर," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग पदर सावरून त्या जिना चढून गेल्या.

मी कान देऊन बसले. वाटलं, आता वर जाऊन सांगतील. संध्याकाळी जिन्यातून आरती ऐकू आली, टाळ्या ऐकू आल्या. बाकी काहीच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि चूक झालीच, तर त्या वस्तूच्या पाया पडत बसू नका. माणसांत जा आणि सांगून टाका. मला कुंकू नको होतं, माझ्या बाजूनं एक वाक्य हवं होतं.

उद्या शनिवार आहे.