गवंड्याच्या तोंडातला पूल

गवंडी माझ्या गोठ्याची भिंत बांधत होता, पण भिंतीपेक्षा त्याचा गालच भराभर वर येत होता. उजवी बाजू अशी टम्म फुगली होती की डोळा फटीतून बघितल्यासारखा बघायचा.

"दवाखान्यात जा की," मी म्हणालो.

"मिठाच्या गुळण्या चालू आहेत," तो म्हणाला. हे तो तीन आठवडे म्हणत होता.

सहा वर्षांपूर्वी त्याची एक दाढ गेली, तेव्हा शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या दोन दातांवर टोप्या घालून मधे खोटी दाढ बसवली होती. त्याला समजावं म्हणून बाई म्हणाल्या, "पूलच समजा. दोन खांब, मधे गाळा." आमच्या ओढ्यावरचा पूल यानंच बांधलेला. त्याला ते इतकं पटलं, की तेव्हापासून तो आपल्या तोंडाविषयीही कामाच्याच भाषेत बोलायचा.

दुपारी कळ पार मस्तकात गेली तेव्हा त्यानं थापी टाकली आणि गिरणीच्या ओट्यावर जाऊन बाईंना फोन लावला. रेंज तिथंच मिळायची.

"बाई, पूल हलतोय. हो, सगळाच. एका बाजूचा खांब आतून सडलाय, खालून घाण येतेय. आज-उद्या कोसळणार बघा. चूक माझीच, आधीच सांगायला हवं होतं."

आत गिरणीवाला दळण घालत होता. त्याला गाव भोंगा म्हणायचं, उगाच नाही.

मी ट्रॅक्टर काढून गवंड्याला आणि त्याच्या बायकोला ट्रॉलीत बसवेपर्यंत तास गेला. ओढ्यावर येऊन बघतो तर पुलावर बैलगाडी आडवी, तिच्यावर काटेरी झुडपं आणि पुढे निम्मं गाव. दूधवाला कॅन घेऊन अडकलेला. शाळेचे मास्तर फळा धरून उभे, त्यावर सुरेख अक्षरात 'पूल धोक्याचा आहे'.

तोवर गवंड्याचा जबडा आवळला होता. अंगात ताप, तोंडातून शब्द फुटेना.

मास्तर जवळ आले. "तुम्हीच सांगा. पूल हलतोय ना?"

मास्तरांना आपली काळजी वाटली म्हणून गवंड्याचे डोळे भरून आले. त्यानं मान डोलावली.

"खांब सडलाय?"

पुन्हा मान डोलावली.

"मग इतके दिवस काय करत होता?"

गवंड्यानं मान मागे टाकून गुळणी करून दाखवली.

"पीत बसला होता म्हणतोय!" दूधवाला ओरडला.

वहिनी ट्रॉलीत उभी राहिली. "अहो, तो पूल यांच्या तोंडातला आहे! दातांचा!"

मग भोंगा म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला वाचवायला किती खोटं बोलाल? तोंडात पूल असेल तर ओढा कुठून वाहतो?"

गवंड्यानं दोन बोटं कशीबशी तोंडात घातली, डोळे मिटले आणि एक हिसका दिला. पूल बाहेर आला. तो त्यानं मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी चष्मा पुसून बघितला आणि जाहीर केलं, "दोन टोप्या, मधे एक दाढ." मग तो हातोहात फिरला. दूधवाल्यानं हुंगून बघितला आणि घाईघाईनं पुढे दिला.

"पण म्हणून हा पूल चांगला आहे, असं थोडंच ठरतं?" भोंगा म्हणाला.

आता मात्र गवंड्याचं डोकं फिरलं. तो खाली उतरला, काटे ओलांडून पुलाच्या मधोमध गेला आणि दोन्ही पायांनी उड्या मारू लागला. पहिल्या उडीला कण्हला. दुसरीला पांढराफटक पडला. तिसरीला मटकन खाली बसला आणि भडाभडा थुंकू लागला. हिरडीतलं गळू फुटलं होतं.

"पडला, पडला!" म्हणत अर्धे लोक मागे पळाले. पूल जागचा हलला नव्हता. मी बैलगाडी बाजूला ओढली, गवंड्याला उचलून ट्रॉलीत घातलं आणि ट्रॅक्टर दामटला.

बाईंनी आधी त्याला भरपूर झापलं, मग सडलेला दात उपटला. "विष मानेत उतरलं असतं तर जिवावर बेतलं असतं. कापूस दाबून धरा. आज एक शब्द बोलायचा नाही." हे ऐकून वहिनीनं पदरात तोंड लपवलं. दिवसभरात ती पहिल्यांदा रडली.

उन्हं कलताना परतलो. ओढ्याच्या अलीकडेच मास्तरांनी हात करून आम्हाला थांबवलं. चेहरा प्रसन्न.

"शंका नको म्हणून खात्री करून घेतली," ते म्हणाले. "खांब आतून अजिबात सडलेला नाही."

मी वाकून खाली बघितलं. भोंगा आणि दूधवाला पहारी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे. आतलं तपासायला त्यांनी खांबाचे दगड उपसून काढले होते. आरपार शेळी जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

गवंड्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. चेहरा लालबुंद झाला. तोंडात कापूस.

"तुमच्या वतीनं मी बोलू का?" वहिनीनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

वहिनीनं पदर खोचला आणि काठावर उभं राहून एकेकाला बोलायला सुरुवात केली. मास्तरांनी फळा खाली ठेवला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मुकाट्यानं पाण्यात उतरले. मीही उतरलो. गवंडी दगडावर बसून कुठला दगड कुठे बसवायचा ते बोटानं दाखवत होता. अंधार पडेपर्यंत काम चाललं. एक दगड जरासा तिरका बसला, तेव्हा त्यानं वहिनीकडे बघून नुसती भुवई उचलली, आणि तिनं भोंग्यापासून पुन्हा नव्यानं सुरुवात केली.