कडीच्या डब्याने पाहिलेले दोन उपवास

मी एक जुना, कडीचा स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी नुसता झाकणाला हात लावला तरी मला वाटतं, हा आता नाक मुरडणार. हा स्वभाव मी जन्माला येताना आणला नाही. तो मला नागपुरात, गांधीबागेत लागला.

प्रेमिलाच्या लग्नात तिच्या आईने मला आंदण दिलं. झाकणावर प्रेमिलाचं नाव आडनावासकट कोरून घेतलं. तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की नवरदेव लहानूने माझ्यात बघून भांग पाडला होता! जरीपटका भागातल्या घरातून मी रोज प्रेमिलाबरोबर गांधीबागेतल्या कापडाच्या गोदामात जायचो. ती साड्यांच्या घड्या घालायची. दुपारी बायका गोल करून जेवायला बसत. आपण घास घेण्याआधी प्रेमिला मला सगळ्यांपुढे फिरवायची. तिच्या जवसाच्या चटणीसाठी बायका बोटं चाटायच्या.

त्यांच्यात एक शोभाताई होत्या. माझ्यावरचं आडनाव वाचल्यापासून त्यांना माझ्यासमोर रोज उपवास असायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार कोणाचा ते त्यांनाच ठाऊक! "मले आज उपवास हाय वं," म्हणायच्या आणि थोड्या वेळाने गठ्ठ्यांमागे बसून आलुबोंडा खायच्या. मी पाहिलं. एक दिवस प्रेमिलानेही पाहिलं. जातीमुळे चटणी कशी बाटते, हे मला आजवर कळलेलं नाही. मला फार राग आला होता.

त्या दिवशी प्रेमिलाने नियम केला. तिच्या डब्यातलं जो खाणार नाही, त्याच्या हातचं ती खाणार नाही. पुढे गोदाम सुटलं, नियम सुटला नाही. त्यापायी कितीतरी भल्या घरांचं जेवणही सुटलं. घरात अन्न गरम ठेवणारे रंगीत डबे आले आणि मी पोटात सुतळी घेऊन माळ्यावर पडलो.

परवाच्या हिवाळ्यात लेक दीक्षाने आईबापांना जहाजाच्या सहलीला न्यायचं ठरवलं. प्रेमिलाने मला खाली काढलं, चिंचेने घासलं आणि तिखट पुऱ्या व जवसाची चटणी भरली.

"आई, डबा काहून घेऊन राहिली? जहाजावर सारं भेटते," दीक्षा म्हणाली.

"भेटते, पन त्यात काय राह्यते ते कोनाले मालूम?"

जहाज एका लहानशा बेटापाशी थोडा वेळ थांबलं. होडीने आम्ही काठावर गेलो. माडांच्या सावलीत डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई पाहुण्यांना जेवण वाढत होती. भात, आणि वाळवलेला मासा कुटून ओल्या नारळात परतलेला. लहानूने लगेच ताव मारला.

"अवं, हे तं आपल्या सुकटीची बहीन हाय! खा नं वं."

"कोनता मासा, कोनतं तेल, काही पत्ता नाही," प्रेमिला म्हणाली. तिने माझी कडी काढली आणि मला त्या बाईपुढे सरकवलं. माझा जीव खालीवर झाला.

बाई हसली, तिने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. होडीवाल्याने हिंदीत सांगितलं, "आज इनका रोज़ा है।"

"उपवास!" प्रेमिलाचा चेहरा उतरला. तिने कडी अशी आपटली की मी कळवळलो. "शोभाताई इथं बी आलीच!" तिने पुढचं पान दूर सारलं. लहानूचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात त्या बाईने मला स्वतःकडे ओढलं. आता ही मला भिरकावणार, असं मला वाटलं. पण तिने कडी उघडली, पुऱ्या आणि चटणी केळीच्या पानात बांधून घेतली, सूर्याकडे बोट दाखवलं, ते समुद्रापर्यंत खाली आणलं आणि मग ओठांशी नेलं. माझ्या रिकाम्या पोटात तिने तो मासा भरला. होडीवाला घाई करू लागला, आम्ही निघालो.

जहाजावर प्रेमिला मला मांडीवर घेऊन बसली.

"फेकलं असन का वं तिनं?"

"कसं कळन, आई?" दीक्षा म्हणाली.

खरंच, कसं कळणार? माझ्या मनातही पाल चुकचुकत होती. तिला माझ्या झाकणावरचं नाव वाचता आलं असतं तर?

सूर्य पाण्याला टेकला. सगळे फोटो काढायला धावले. प्रेमिला मात्र बेट होतं त्या दिशेला बघत राहिली. सूर्य बुडाला तशी तिने माझी कडी काढली.

"आता ते बाई खात असन," ती म्हणाली आणि तिने त्या माशाचा पहिला घास घेतला. सावकाश चावला, गिळला. मग एकदम काळजीने लहानूकडे वळली. "अवो, पानी जवळ असन नं तिच्या? चटनी लय तिखट झालती."

मित्रांनो, कोणी डबा पुढे केला तर एक घास घ्या. आणि उपवास खरा असेल, तर बांधून न्या.