मागच्या सीटचं वजन

गुलनाजनं मापाच्या टेपचं टोक फरशीवर अंगठ्यानं दाबून धरलं होतं. कडेवर आफरीन. पोरीचा हात सारखा टेपकडं जात होता आणि गुलनाज तो अलगद ओढून आपल्या ओठांशी नेत होती. गॅरेजवाल्या निंगप्पानं टेप जीपच्या मागच्या हुकापर्यंत नेली, मग शेजारी विटा लावून सपाट उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या तोंडाशी धरली.

"हितं चुकतंय बघा," तो म्हणाला. "जीपचा हूक उंच, ट्रॉलीचं तोंड खाली. जोडली की ही बया मान वर करून पळत्या. सगळा भार शेपटीवर. मग ती झुलणारच की."

गुलनाजनं आफरीनला दुसऱ्या कडेवर घेतलं.

करकंबहून परतताना झालं होतं ते. गावोगाव जायचं, जुन्या गाद्यांचा कापूस दारातच पिंजून पुन्हा भरून द्यायचा, हा त्यांचा धंदा. तिचा नवरा आतिफ ट्रॉलीवरच्या मशीनवर पिंजायचा, गुलनाज लांब सुईनं टाके घालायची. त्या दिवशी उताराला लागेपर्यंत ती जीपच्या मागच्या सीटवर पोरीला मांडीवर घेऊन पेंगत होती. आधी जीप आणि ट्रॉलीमधल्या साखळीचा खणखणाट झाला. मग मागच्या काचेत ट्रॉली डावीकडं गेली, उजवीकडं गेली, पुन्हा डावीकडं; आणि समोरून दुधाची गाडी येत असताना अख्ख्या जीपलाच शेपटीला धरून फरफटवायला लागली.

धडक मात्र झाली नाही. जीप शेताच्या कडेला जाऊन थांबली. एक बोचकं फुटलं आणि बाभळीला कापूस लटकला, एवढंच. आतिफ खाली उतरून मोठ्यानं हसला होता. "आफरीन, झोपाळा झाला की गं आपला!"

तेव्हापासून पोरगी जीप दिसली की "झोपाळा" म्हणायची. आणि स्वयंपाकघरात पळीला पळी लागली तरी गुलनाजचा हात जागच्या जागी थांबायचा. भवानी पेठेतल्या अख्ख्या गल्लीला आतिफनं सांगून टाकलं होतं, "आमच्या हिला आता सायकलच्या घंटीचंबी भ्या वाटतंय." बायका हसायच्या. तीही हसायची. रात्री मात्र पोरीच्या छातीवर तळवा ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता.

निंगप्पानं लाकडी बाकावर हुकाचे नमुने मांडले. सगळे उंची बदलता येणारे. उभी जाड पट्टी, तिला खालपासून वरपर्यंत भोकं. ट्रॉलीचं तोंड ज्यावर बसतं तो गोळा हवा त्या भोकापाशी न्यायचा आणि आरपार पिन घालायची.

आतिफनं एकेक उचलून बघितला.

"ही पट्टी पातळ वाटत्या."

"मग ही घ्या. जाड हाय."

"हिला पिन एकच."

"ह्या तिसऱ्याला दोन हायत."

"दोन हायत, पण एक ढिली हाय. बघा, हलत्या."

"तुमी हलवताय म्हणून हलत्या, आतिफभाई!" निंगप्पानं कपाळाला हात लावला. "अक्का, पोरगी बघायला गेल्यावरबी हे असंच करत होते काय?"

गुलनाज हसली नाही. तिला बघायला आला तेव्हा आतिफनं चहा निवायच्या आत होकार दिला होता. गादीचं कापड असो नाहीतर ईदचा बकरा, एका नजरेत पसंत करणारा माणूस. आणि हुकासाठी मात्र रोज एक दुकान गाठायचं आणि रिकाम्या हातानं घरी यायचं. आपल्या भीतीला कुठंतरी मान दिला जातोय असं वाटून ती मनातल्या मनात त्याचे आभार मानत आली होती.

"बार्शीकडं कधी निघताय?" निंगप्पानं विचारलं.

"बघू."

"बघू काय? लगीनसराई सरल्यावर गाद्या कोण भरून घेणार?"

"हाच घ्या," गुलनाज एकदम म्हणाली. "दोन पिनांचा."

आतिफनं तिच्याकडं पाहिलं, पण तो नको म्हणाला नाही.

निंगप्पानं हूक जीपखालच्या नळीत सरकवला. पिना हाती घेतल्या आणि थांबला. "आता जीप भरा. वाटेला लागताना जशी असत्या तशी. भरल्या गाडीवरच माप घ्यायचं."

आतिफ लगेच ट्रॉलीवर चढला. कापसाची बोचकी उतरवून जीपच्या मागच्या सीटवर टाकायला लागला. एक, मग दुसरं, मग गुडघ्यानं दाबून तिसरं. पिंजाऱ्याच्या घरात गाडी भरायची म्हणजे कापूस भरायचा. निंगप्पाला ते बघून हसू आवरेना.

"आवो, कापसानं गाडी दबत्या व्हय? माणसं बसवा, माणसं!"

आतिफ बोचक्यावरचा गुडघा न काढता म्हणाला, "मी एकटाच जाणार हाय."

गुलनाज सीटकडं बघत राहिली. तिच्या जागेवर कापूस होता.

"आणि टाके?" तिनं विचारलं.

"घालीन मीच."

"तुमाला उशीचा कोपरा तरी वळतो का?"

"तुला भ्या वाटतंय न्हवं? मग राहा की घरी," तो निंगप्पाकडं बघत नेहमीसारखं हसला, खाली आला आणि त्यानं पिना मागून घेतल्या. "आना, मी घालतो."

तो हुकापाशी उकिडवा बसला.

लोखंडावर लोखंड वाजायला लागलं. बारीक, भराभर. गुलनाजनं दचकून पोरीला छातीशी धरलं आणि साखळी कुठं हलतेय ते बघितलं. साखळी तर जमिनीवर निपचित पडली होती. आवाज पिनेचा होता. आतिफच्या हातातली पिन भोकाच्या कडेवर थडथडत होती आणि काही केल्या आत जात नव्हती.

ती बघतेय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पिन मुठीत आवळली. आवाज थांबला. मूठ थांबली नाही.

गुलनाजनं मागचं दार उघडलं. एका हातानं बोचकी ओढून खाली टाकली. पायरीवर एकदा पाऊल चुकलंच. पण ती आत चढली, आपल्या जागेवर बसली आणि आफरीनला मांडीवर घेतलं. स्प्रिंगचे जुने पाटे करकरले. जीप मागून खाली बसली.

"हां!" निंगप्पानं टेप लावली. "आता गोळा खाली आला बघा. एक भोक वर घ्यावं लागणार."

मागच्या काचेतून आतिफचे फक्त केस दिसत होते. केसांत कापूस अडकला होता. आफरीननं काचेवर दोन्ही तळवे आपटले.

"अब्बा! झोपाळा!"

आतिफ हसला नाही. "न्हाय बेटा," तो खालूनच म्हणाला. "आता झोपाळा न्हाय."

पहिली पिन गेली. थोड्या वेळानं दुसरी. मग त्यानं हूक दोन्ही हातांनी हिसडून बघितला. पुन्हा हिसडला. प्रत्येक हिसड्याबरोबर गुलनाजची सीट हलत होती.

"बसल्या पिना, आतिफभाई," निंगप्पा म्हणाला.

"असू दे. अजून एकदा बघतो."

"बघा की," गुलनाज आतून म्हणाली. "आमी बसलोय."