आत कुणी नसतं

मोरोनकेनं कापडाच्या पट्ट्या पुन्हा उचलून दिल्या आणि उत्सवात पूर्वज होऊन नाचणारा एगुनगुन पुन्हा कोसळला. संगणकाच्या पडद्यावर मखमलीचा, सुताचा, लाल दातेरी कडांचा ढीग तेवढा उरला.

"झालं! लोळण घेतली तुझ्या पूर्वजबाबांनी," शेजारच्या टेबलावरून देजी म्हणाला. "अगं, आत माणूस घाल. रिकामं कापड उभं राहतं होय कधी?"

"आत कुणी नसतं."

"कुणी नसतं कसं?"

"नसतं म्हणजे नसतं. तू पाद्र्याच्या घरातला, तुला काय कळणार!"

देजी हसला, कानांना हेडफोन लावून आपल्या कामाला लागला. मोरोनके हात मांडीवर ठेवून त्या ढिगाकडे बघत राहिली.

इबादानमधल्या त्या छोट्या कंपनीत व्हिडिओ गेममधल्या पात्रांना कपडे चढवायचं काम तिचं. कापडाचा फोटो काढायचा आणि पात्राच्या आकारावर गुंडाळायचा, मोइनमोइन उकडताना वाटलेल्या डाळीभोवती पान गुंडाळतात तसा. पानाच्या कडा भेटतात तिथं रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाहीतर सगळं सोंग उघडं पडतं. मग त्याच कापडाची एक करडी प्रत करायची. तिच्यात पांढरं असेल तिथं कापड खरखरीत, काळं असेल तिथं चकाकतं. मखमल कोणती आणि सूत कोणतं, हे उजेडाला त्यावरूनच कळतं.

या नव्या खेळात खेळणाऱ्यानं आपल्या घराण्याचा एगुनगुन स्वतः सजवायचा होता, हवं ते कापड निवडून, थरावर थर चढवत. निवडीला ठेवलेली कापडं मोरोनकेच्या घरच्या पोशाखावरची होती. घराण्याचे कर्ते ओजेलाबी काका यांनीच त्यांचे फोटो पाठवले होते, पण बजावून. आधी स्वतः येऊन बघणार, पटलं तर ठेवायचं, नाहीतर सगळं पुसून टाकायचं. ते आज दुपारी यायचे होते.

एक कापड मात्र काकांनी दिलेलं नव्हतं. निळ्या बारीक रेघांचं, ओजेदिरानच्या शर्टाचं. ते तिनं सर्वांत आतल्या थराला लावलं होतं. खिशाजवळ शाईचा डाग होता. असा डाग पट्टीपट्टीवर पुन्हा पुन्हा उमटतो, म्हणून तो आधी पुसायचा असतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. तिला काही तो पुसवला नाही.

ओजेदिरान तिचा भाऊ. गेल्या वर्षी मोटरसायकलवरून पडला आणि गेला. तेव्हापासून आईनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रडलीसुद्धा नव्हती. काका नाही म्हणाले, तर ही निळी रेघही पुसली जाणार होती.

पोशाखाच्या आत कोण आहे, हे बायकांनी विचारायचं नसतं. लहानपणी तिनं एकदा विचारलं, तेव्हा आईनं तोंडावर चापट मारली होती. कुणी नसतं, बाबा असतात, आपले पूर्वज. आणि दर वर्षी उत्सवाच्या सकाळी आईच सगळ्यांना सांगायची, ओजेदिरान इलोरिनला गेलाय, काम निघालंय त्याचं. संध्याकाळी तो घामेजून, नेहमीसारखा डावा पाय ओढत घरी यायचा, आईनं झाकून ठेवलेला अमाला, कंदाच्या पिठाची घट्ट उकड, आणि एवेदूच्या पानांची भाजी चाटूनपुसून खायचा. इलोरिन कसं होतं, हे त्याला घरात कुणीही विचारत नसे.

म्हणून तर बाकी सगळ्या पात्रांच्या शरीरावर कापड चढवणाऱ्या मोरोनकेला याला शरीर द्यायचं सुचलंच नव्हतं.

काका यायची वेळ झाली. तिनं दाराकडे बघितलं, ओठ चावला आणि कंपनीच्या साठ्यातला तयार पुरुष उचलून पोशाखात ठेवला. त्याला चेहरा नव्हता, कातडी नव्हती. तो दिसू नये अशी सोय केली आणि कापड उभं राहिलं. पण नुसतंच लोंबत होतं, खुंटीला टांगल्यासारखं. तिनं उंची जरा वाढवली. डावा खांदा उतरवला. मग डावा पाय किंचित ओढता केला. हात आपोआप चालले होते. एगुनगुननं दोन पावलं टाकली आणि तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. अगं बाई, इतकी वर्षं आपण बघत होतो की सगळं!

काका आले ते आईला घेऊनच. आई दाराजवळच्या खुर्चीवर, लांब बसली. काका पडद्यासमोर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाखव."

एगुनगुन चालत आला. टोपीवरून फिरणारा काकांचा हात थांबला. ते त्या डाव्या पायाकडे बघत होते.

"ही चाल तुला कुणी सांगितली?"

"कुणी नाही, काका. मला फक्त कापडातलं कळतं."

"आत..." काका म्हणाले आणि तिथंच अडले. हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाही बाईला विचारू दिला नव्हता.

"आत कुणी नसतं, काका," मोरोनके म्हणाली.

काका पुन्हा पडद्याकडे वळले.

"बरं. गिरकी घेऊ दे त्याला."

तिनं कळ दाबली. एगुनगुन गरगर फिरला. मखमल उडाली, लाल दातेरी कडा उडाल्या, एकेक थर वर उठत गेला आणि सर्वांत आत निळ्या रेघा उघडल्या. प्रत्येक पट्टीवर शाईचा डाग.

दाराजवळची खुर्ची सरकली. आई पुढं आली, पडद्याजवळ आली आणि सावकाश गुडघे टेकून वाकली.

"या बाबा," ती म्हणाली. मग मोरोनकेकडे न बघताच हळूच पुटपुटली, "ती शाई जात नाही गं. मी लिंबूसुद्धा चोळून बघितलं होतं."

काकांनी तोंड फिरवलं. टोपी डोक्यावर चढवायला त्यांना जरा वेळ लागला.

"राहू दे," ते म्हणाले. "यातलं काही पुसू नकोस."

आई उठली. गुडघे झटकले, कमरेचं वस्त्र घट्ट आवळलं आणि पिशवी उचलली.

"चला भावोजी, उशीर होतोय."

"बस ना गं आई, काहीतरी थंड घे."

"नको बाई. घरी जाऊन अमाला ढवळायचाय," आई म्हणाली. "ओजेदिरान येईल इलोरिनहून. भूक लागली असेल त्याला."